एका स्लाइडवर दोन आवाज: पॉवरपॉइंट आणि स्टोरीलाइन आठ महिने वापरल्यानंतर

पॉवरपॉइंट ३६५ आणि आर्टिक्युलेट स्टोरीलाइन ३६० (बटणं दाबून चालणारे पाठ करायचं सॉफ्टवेअर), दोन्ही विंडोजवर, जुलैपासून रोजच्या वापरात. काम एकच, मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांसाठी आवाजासह स्लाइडचे पाठ करणं: इतिहास, भूगोल, परिसर अभ्यास. टेम्प्लेट आणि ॲनिमेशनबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे फक्त एका दुखण्याबद्दल लिहितो, कारण चांगला पाठ त्यानेच वाया जातो. एक निवेदन संपायच्या आत दुसरं सुरू होतं. हेडफोन लावून बसलेला मोठा माणूस त्यातून एक आवाज निवडून ऐकू शकतो. पत्र्याच्या छताखाली एकाच स्पीकरवर ऐकणाऱ्या लेकरांना ते जमत नाही. दोन वाक्यं एकदम आली की त्यांच्या हाती एकही लागत नाही.

फाइल बिघडली म्हणून पाठ नव्याने करायला घेऊ नका. आवाज कधी सुरू व्हायचा हे आपण दरवेळी ठरवतो, तो कुणी आणि कधी थांबवायचा हे ठरवायचं राहून जातं. बहुतेक गोंधळ तिथला असतो, आणि तो कुठे आहे ते मेनू उघडायच्या आधी कानाने कळतं.

दोन वेगवेगळी वाक्यं एकमेकांवर येत असतील तर दोन वेगळ्या ध्वनिफिती चालू आहेत. एकच वाक्य, पण पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं पोकळ येत असेल तर तीच फीत दोनदा, जवळजवळ एकाच क्षणी वाजते आहे. स्लाइडची किंवा आयकॉनची नक्कल केलेली असते तिथे हे हमखास होतं. आणि तेच वाक्य क्षणभराने मागून पुन्हा येत असेल, तेही फक्त ऑनलाइन तासात, तर स्लाइडला हात लावायची गरज नाही. स्क्रीनसोबत आवाजही शेअर केलेला आहे आणि उघडा माइक लॅपटॉपच्या स्पीकरचा आवाज पुन्हा पकडतो आहे. माइक बंद केला की प्रश्न मिटला.

पॉवरपॉइंटमध्ये निवेदन घालायचे दोन रस्ते आहेत. एक, 'रेकॉर्ड' टॅबवरून पूर्ण स्लाइड शो चालवत बोलायचं. दुसरा, 'इन्सर्ट' मधल्या 'ऑडिओ' वरून त्या स्लाइडवर फाइल घालायची किंवा तिथेच रेकॉर्ड करायचं. पहिल्या रस्त्याने त्याच स्लाइडवर पुन्हा बोललात तर आधीचं निवेदन पुसलं जातं. दुसऱ्या रस्त्याने पुसलं जात नाही, जुन्या आयकॉनशेजारी नवा येऊन बसतो. खरी गफलत दोन्ही रस्ते मिसळल्यावर होते. आधी शो चालवून रेकॉर्ड केलं, नंतर एका स्लाइडवर उच्चार चुकला म्हणून तेवढ्यापुरती फाइल 'इन्सर्ट' ने घातली, आणि जुनं निवेदन जागेवरच राहिलं. दोन्ही आपोआप सुरू होणारे असतील तर बाई नवं वाक्य म्हणत असतात आणि त्याखाली जुनं चुकलेलं वाक्यही चालू असतं.

हे शोधायला आल्ट आणि एफ १० एकत्र दाबा. उजवीकडे 'सिलेक्शन पेन' उघडते आणि स्लाइडवरची प्रत्येक वस्तू यादीत दिसते. एकावर एक बसलेले किंवा चित्रामागे गेलेले आयकॉनही तिथे सापडतात, जे नुसत्या नजरेला दिसत नाहीत. वेरूळच्या पाठाची सहावी स्लाइड घ्या. यादीत 'पिक्चर ४', 'टेक्स्टबॉक्स ७' आणि मग 'ऑडिओ ९', 'ऑडिओ १२' अशी दोन नावं. स्लाइडवर मात्र उजव्या कोपऱ्यात एकच स्पीकर दिसतो, कारण दुसरा बरोबर त्याच्या मागे आहे. एकेक नाव निवडून 'प्लेबॅक' टॅबवरून ऐका, जुनं ओळखा आणि डिलीट करा. राहिलेल्या नावावर दोनदा क्लिक करून '०६ निवेदन' असं लिहून ठेवा. नाव द्यायला पाच सेकंद लागतात, पण चार महिन्यांनी पाठ दुरुस्त करताना त्याचा उपयोग कळतो.

कुठली स्लाइड बिघडली तेच कळत नसेल तर फाइलची एक प्रत काढून तिचं पीपीटीएक्स हे शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत 'पीपीटी' फोल्डरमध्ये 'मीडिया' फोल्डर असतो, सगळ्या ध्वनिफिती तिथे सुट्या मिळतात आणि साध्या प्लेयरवर ऐकता येतात. एक सावधगिरी बाळगा. नक्कल केलेल्या दोन स्लाइड एकच फाइल वापरू शकतात, म्हणून इथल्या फाइलींचा आकडा आयकॉनच्या संख्येशी जुळेलच असं नाही.

दुसरं मोठं कारण दुरुस्तीतूनच जन्माला येतं. नवं निवेदन जुन्यापेक्षा लांब आहे, पण स्लाइड पुढे जायची वेळ जुन्या रेकॉर्डिंगचीच राहिली. मग शेवटचं वाक्य कापलं जाऊ शकतं. ते वाचवायला कुणीतरी 'प्ले अक्रॉस स्लाइड्स' वर टिक करतं. वाक्य कापलं जायचं थांबतं, पण त्याचं शेपूट पुढच्या स्लाइडच्या पहिल्या वाक्यावर जाऊन पडतं. वर्गात 'जायकवाडी धरण गोदावरीवर' एवढं ऐकू येतं आणि 'पैठणजवळ आहे' हे शब्द पुढच्या स्लाइडच्या आवाजात बुडतात. ही टिक काढा. मग 'ट्रान्झिशन्स' टॅबवर उजव्या टोकाला 'ॲडव्हान्स स्लाइड' मध्ये 'आफ्टर' समोर नव्या फितीची लांबी अधिक १ सेकंद भरा. फीत ३८ सेकंदांची असेल तर ३९.

याच टिकेमुळे पार्श्वसंगीतही शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. 'ॲनिमेशन पेन' मध्ये त्या फितीच्या 'इफेक्ट ऑप्शन्स' मध्ये जाऊन पाहा, 'स्टॉप प्लेइंग' समोर ९९९ स्लाइड लिहिलेलं सापडेल, म्हणजे पाठ संपेपर्यंत. 'प्ले इन बॅकग्राउंड' चं बटण दाबलं की आपोआप सुरू होणं, सगळ्या स्लाइडवर चालणं, पुन्हा पुन्हा वाजणं आणि आयकॉन लपणं ही चारही कामं एकदम होतात, म्हणून ते विचार करून दाबावं. संगीत पहिल्या तीनच स्लाइडना हवं असेल तर ९९९ च्या जागी ३ लिहा. 'ट्रान्झिशन्स' टॅबवरच्या 'साउंड' यादीतही एक आवाज लपलेला असू शकतो, 'लूप अंटिल नेक्स्ट साउंड' वर टिक करून सोडलेला. तो सिलेक्शन पेनमध्ये दिसत नाही. जिथे थांबायला हवा त्या स्लाइडच्या त्याच यादीत 'स्टॉप प्रीव्हियस साउंड' निवडा.

निवेदनाखाली संगीत हवंच असेल तर ते पॉवरपॉइंटमध्ये जुळवत बसू नका. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये संगीताचा ट्रॅक वर, निवेदनाचा बरोबर त्याखाली ठेवा, वरचा निवडा आणि 'ऑटो डक' चालवा. निवेदन सुरू झालं की संगीत आपोआप खाली जातं. मूळ सेटिंग उणे १२ डेसिबल असतं. पत्र्याच्या वर्गासाठी ते उणे १८ केलेलं चांगलं, तिथे आवाज आधीच घुमतो. मग दोन्ही मिळून एकच फाइल काढा. एका स्लाइडला एकच फीत असेल तर चढाओढ करायला दुसरी उरत नाही.

ट्रान्झिशन चालू असताना पॉवरपॉइंट आवाज रेकॉर्ड करत नाही, हेही ठाऊक असावं. स्लाइड बदलताना बोलत राहिलात तर तेवढे शब्द जातात, आणि ते भरायला परत फाइल घालण्याचा प्रकार सुरू होतो. प्रत्येक स्लाइडच्या आधी आणि नंतर एकेक सेकंद गप्प राहायची सवय लावा.

आता बटणांचा पाठ. वेरूळची ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. एका स्लाइडवर तीन बटणं, प्रत्येकाला ट्रिगरने, म्हणजे बटण दाबलं की फीत सुरू करणाऱ्या सोयीने, जोडलेली एक फीत. लेकरू 'बौद्ध' दाबतं आणि पाच सेकंदांत 'हिंदू' दाबतं. पहिली फीत थांबत नाही, कारण पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक ट्रिगर स्वतंत्र चालतो, एकाला दुसऱ्याची खबर नसते. यावर उपाय आहे, पण तो किचकट आहे. 'हिंदू' बटणाच्या ट्रिगरखाली बौद्ध आणि जैन या दोन्ही फितींसाठी 'ॲड ॲनिमेशन' मधला 'स्टॉप' घाला, त्यांचा ट्रिगरही 'हिंदू' बटणच ठेवा आणि सुरुवात 'विथ प्रीव्हियस'. असं प्रत्येक बटणाला. तीन बटणांना ६ स्टॉप लागतात, पाच बटणं केलीत तर २०. एक विसरला की पाठ नेमका तिथेच अडतो. त्यापेक्षा प्रत्येक बटणाला वेगळी स्लाइड करून हायपरलिंक दिलेली बरी. स्लाइड बदलली की साधी फीत आपोआप थांबते.

स्टोरीलाइनचं मोल इथे कळतं. प्रत्येक बटणाची फीत स्वतंत्र लेयरवर, म्हणजे मूळ स्लाइडवर उघडणाऱ्या वेगळ्या थरावर, ठेवा आणि लेयरच्या नावाशेजारच्या गिअरच्या चिन्हावर क्लिक करून 'हाइड अदर स्लाइड लेयर्स' ची टिक आहे ना ते बघा. 'हिंदू' दाबलं की बौद्धचा लेयर जातो, त्याच्यासोबत त्याचा आवाजही. एकही स्टॉप लिहावा लागत नाही. मूळ स्लाइडवरही निवेदन असेल तर 'पॉज टाइमलाइन ऑफ बेस लेयर' ही टिकही हवी. ती नसली तर खालचं निवेदन लेयरच्या आवाजाखाली चालूच राहतं, आणि स्टोरीलाइनच्या पाठात बहुतेक वेळा आवाज एकमेकांवर चढतात ते याच एका टिकेपायी. लेयर बंद झाल्यावर मूळ निवेदन थांबलं होतं तिथून पुढे चालू होतं, पण अर्ध्या वाक्यातून. लहान वर्गांसाठी ते नीट वाटत नाही. तिथे बटणं आधी 'डिसेबल्ड' ठेवा आणि मूळ फीत पूर्ण झाल्यावर 'नॉर्मल' होतील असा ट्रिगर द्या. परत आल्यावर फीत पहिल्यापासून हवी असेल तर 'व्हेन रिव्हिजिटिंग' मध्ये 'रीसेट टू इनिशियल स्टेट'.

पाठ ब्राउझरमध्ये चालवणार असाल तर एक प्रकार स्लाइडच्या बाहेर घडतो. २०१८ मध्ये आलेल्या क्रोम ६६ पासून वापरणाऱ्याने पानावर क्लिक केल्याशिवाय आवाज सहसा आपोआप सुरू होत नाही. पाठ उघडला, आवाज आला नाही, म्हणून तोच पाठ दुसऱ्या टॅबमध्ये उघडला जातो. मग क्लिक केलं की दोन्हीकडून आवाज, आणि फाइलमध्ये कितीही शोधलं तरी दोष सापडत नाही. पहिली स्लाइड बिनआवाजाची ठेवा आणि तिच्यावर फक्त मोठं 'सुरू करा' बटण द्या. ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यामुळे क्लिकची अट तिथेच पुरी होते.

बऱ्याच शाळांत पाठ पेनड्राइव्हवरून टीव्हीवर चालतो, म्हणजे एमपी४ करावाच लागतो. एकमेकांवर चढलेले आवाज त्या व्हिडिओत कायमचे पक्के होतात आणि ट्रिगरची बटणं मरतात. म्हणून 'एक्स्पोर्ट' च्या आधी एफ ५ दाबून पूर्ण पाठ एकदा हात न लावता ऐका, आणि दुसऱ्यांदा मुद्दाम घाईने पुढे नेत, वर्गात होतो तसा. पहिल्या फेरीत वेळेच्या चुका सापडतात, दुसरीत 'प्ले अक्रॉस स्लाइड्स' च्या.

सरळ पहिल्या स्लाइडपासून शेवटच्यापर्यंत जाणाऱ्या पाठांना पॉवरपॉइंट पुरतं, वरची पथ्यं पाळली तर आवाजाचा त्रास राहत नाही. स्टोरीलाइनची वर्गणी दरवर्षी भरावी लागते आणि एका शाळेला ती झेपणारी नाही. बटणांचे पाठ करणाऱ्या तीन-चार शाळांनी किंवा शाळांच्या केंद्राने मिळून एकच घ्यावी, आणि तीही बटणांचे पाठ खरोखर होणार असतील तरच.