वायरलेस कंट्रोलर, आठ महिन्यांनंतर: रीस्टार्ट करण्याआधी लॉग बाहेर काढा

नंदनवन भागातल्या आमच्या मुलांच्या हॉस्टेलवर तीन मजले आणि १४ अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) आहेत. त्या सगळ्यांना एका जागेवरून सांभाळणारा कंट्रोलर नोव्हेंबरात घेतला. स्पीड, रोमिंग याबद्दल तक्रार नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही. मला लिहायचंय ते लॉगबद्दल, म्हणजे मशीन स्वतः वेळेसकट लिहून ठेवतं त्या नोंदींबद्दल.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला आणि वरच्या मजल्यावरचे, टिनाच्या शेडखालचे दोन पॉइंट रोज दुपारी बंद पडू लागले. सर्व्हिसवाला आला संध्याकाळी. तोवर पॉइंट परत जोडले गेले होते आणि अलार्म आपोआप क्लिअर झाले होते. स्क्रीनवर सगळं हिरवं. जुन्या नोंदी होत्या, त्यात शेवटची पडझड ९:५० ची दिसत होती. तो म्हणाला, "सकाळी दहाला कुठली गरमी काका, तुमची लाइटच कमी-जास्त होऊन राहिली." मग त्यानं कंट्रोलर रीस्टार्ट केला, व्हिजिटचे ८०० रुपये घेतले आणि गेला.

रीस्टार्टनंतर लॉग कोरा! नोंदी मेमरीतल्या बफरमध्ये (तात्पुरत्या जागेत) असतात, रीस्टार्ट झाला की जातात. ज्या पुराव्यावर वॉरंटी मागायची तोच त्यानं पुसला होता. त्या रात्री मी या मशीनला एक स्टार देणार होतो.

पुढच्या आठवड्यात मॅन्युअल घेऊन बसलो आणि मत बदललं. ९:५० ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ होती. त्यात साडेपाच तास मिळवा, दुपारचे ३:२० होतात. ऐन उन्हाची वेळ! मशीन खरं सांगत होतं, वाचणाऱ्यानं चुकीचं वाचलं. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) आणि टाइमझोन पहिल्याच दिवशी लावा.

दुसरी गोष्ट नोंदींच्या पातळीची. सिसलॉग ही नोंदी लिहिण्या-पाठवण्याची ठरलेली पद्धत; त्यात ० म्हणजे इमर्जन्सी, ७ म्हणजे डीबग (तपासणीपुरत्या बारीकसारीक नोंदी). आकडा लहान तितकं प्रकरण गंभीर. ४ निवडलं की ० ते ४ सगळं येतं. आमच्याकडे ६ होतं, त्यामुळे प्रत्येक मोबाइल जोडला-तुटला की एक ओळ. बफर भरला की जुन्या ओळींवर नव्या चढतात. दुपारची चूक रात्रीपर्यंत टिकत नव्हती. आता बफरला ४ ठेवलंय, आणि ६ पर्यंतचं सगळं पडून असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर जातं. फुकटचं सिसलॉग सॉफ्टवेअर, पोर्ट ५१४, खर्च शून्य. मात्र हे यूडीपी नावाच्या पाठवण्याच्या पद्धतीवर चालतं, त्यात पोचपावती नाही. कॉम्प्युटर बंद असताना आलेली ओळ कायमची गेली. म्हणून तो आणि नेटवर्कचा स्विच दोन्ही यूपीएसवर हवेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलंय; आमचं हॉस्टेल त्यात बसो न बसो, मी तेवढेच ठेवतो.

अलार्मचे ईमेल सुरुवातीला सगळे चालू होते. लाइट गेली की १४ मेल, आली की आणखी १४. शेजारच्यांच्या हॉटस्पॉटचे 'रोग एपी' (अनोळखी अ‍ॅक्सेस पॉइंट) अलार्म तर मोजवत नव्हते. आता पॉइंट पाच मिनिटांहून जास्त बंद राहिला तरच मेल येतो.

अकरा दिवसांच्या नोंदी एकत्र लावल्या. एक पॉइंट फक्त दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान पडत होता, तो उन्हानंच. स्लॅबखालच्या पॅसेजमध्ये हलवल्यावर एकदाही पडला नाही. दुसरा मात्र पॅसेजमध्ये येऊनही रात्री दोनला, पहाटे चारला तुटत होता. म्हणजे तो मुळातच खराब. कागदावर तारीख-वेळ मांडून पाठवल्यावर कंपनीनं आठवड्यात बदलून दिला.

स्टार चार. एक कापला, कारण रीस्टार्टच्या बटणावर 'लॉग जातील' एवढी सूचनाही नाही. ८०० रुपयांचा पाठपुरावा चालू आहे. पावती जपून ठेवली आहे.