सिनोडोंटिस ‘पेट्रिकोला’चा अनुभव: पैसे एकाचे, मासा दुसराच

आफ्रिकेतल्या टँगानिका तळ्यातल्या माशांची टाकी ठेवणाऱ्यांना ह्या ठिपकेवाल्या कॅटफिशची ओळख करून द्यायला नको. पावसाळ्यात पाच घेतले, तेव्हापासून दिवसा दगडाखाली आणि रात्री दिवे घालवले की बाहेर, त्यामुळे महिनोन्महिने नीट दर्शनच नाही. परवा फिल्टर बंद पडला, सगळे दगड बाहेर काढले आणि उजेडात पहिल्यांदा फिन्स (पर) बघितल्या तर डोकंच सटकलं.

फिन्सवर काळे त्रिकोण असतात ना, त्यांच्या बुडाशी फिकट खिडकी, म्हणजे रंग नसलेला भाग. खऱ्या पेट्रिकोलाला ती नसते, त्याचा त्रिकोण बुडापासून काळा. खिडकी असली म्हणजे मासा लुसिपिनिस जातीचा. पेट्रिकोलाची नोंद १९५९ ची, पण राइट आणि पेज या मत्स्यशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये टँगानिकाच्या सगळ्या सिनोडोंटिस कॅटफिशची फेरतपासणी केली तेव्हा लुसिपिनिस वेगळी जात म्हणून काढली. त्याआधी हा बाजारात ‘बुटका पेट्रिकोला’ म्हणून खपायचा, आणि आमच्या दुकानात अजून खपतोय, तोही बुटका हा शब्द गाळून! विचारलं तर म्हणे, ‘सेमच आहे हो साहेब, एवढं कोण बघतंय?’ अहो मी बघतोय, एकेकाचे ९०० मोजलेत. हायब्रिडही (दोन जातींचे संकर) फिरतात बाजारात, ते गळ्यात मारले नाहीत हे उपकारच म्हणायचे.

बरं, राग बाजूला ठेवला तर मासा मात्र झकास निघाला. पेट्रिकोलापेक्षा लहानच राहतो, म्हणजे माझ्या तीन फुटी टाकीत हाच बरा. सोसायटीच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्याने दोन गीझर खाल्ले, पण तळ्याचं पाणीच मुळात जड आणि पीएच ९ च्या आसपास, त्यामुळे ह्यांना ते भलतंच मानवलंय. आरओचा खर्च शून्य. पकडताना जाळी वापरू नका, काटे ताठ करून अडकतात मग कात्रीच लागते, प्लास्टिकचा डबा बरा. आणि हातात आला की छातीच्या फिनचा काटा घासून चक्क किरकिरतो, पोरं जाम खूश.

मासा साडेचार स्टार, दुकान एक, तोही पिशवीत ऑक्सिजन नीट भरला म्हणून. परत देतो म्हटलं तर तिथे काचेवर ‘पेट्रिकोला ९५०’ लावलेलं. घेणार असाल तर आधी फिन्सवर मोबाईलचा टॉर्च मारा, खिडकी दिसली की ६०० च्या वर एक रुपया देऊ नका.