स्की बूट: ९८ मिमी की १०२ मिमी?

मुंबईहून गुलमर्गला जाणारे बरेच जण रोजच्या बुटांचा नंबर सांगतात आणि तिथेच फसतात. स्की बूटचं माप म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी. चवड्यापाशी रुंदी वेगळी, मिलिमीटरमध्ये: ९८ अरुंद, १०२ रुंद.

९८चा बूट पाऊल घट्ट धरतो, पायाची हालचाल लगेच स्कीपर्यंत पोचते. चवडा रुंद असेल तर मात्र तासाभरात बोटं बधिर. १०२चा दुकानात अगदी सुखाचा. पण आतलं अस्तर वापराने दबतं, टाच उचलली जाते, मग बकल आवळून आवळून पाऊल दुखतं ते वेगळंच.

निवड करताना अस्तर काढा, नुसत्या बाहेरच्या प्लॅस्टिक कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटीमीटर जागा बरोबर. तीन असेल तर माप मोठं. चवडा जरासाच अडत असेल तर ९८च घ्या. कवच तापवून रुंद करता येतं, सैल कवच अरुंद करता येत नाही. मोज्यांचा जोड एकच, पातळ.

कडकपणा मुंबईच्या उकाड्यात जोखू नका; प्लॅस्टिक थंडीत आणखी ताठ होतं. आणि पावसाळ्यात अस्तर बाहेर काढून ठेवा, नाहीतर बुरशी ठरलेली.