ओपनएमपीचे डायनॅमिक शेड्यूल: आठ महिन्यांच्या वापरानंतरचे मत

ओपनएमपी ही प्रोग्राममधले लूप अनेक कोरवर एकाच वेळी चालवण्याची सोय आहे, आणि लूपमधले काम थ्रेडांमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांमध्ये, कसे वाटायचे हे शेड्यूल ठरवते. स्टॅटिक, डायनॅमिक आणि गाइडेड ही शेड्यूल कशी लिहायची हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच, त्यामुळे त्यात शिरत नाही. दोन प्रोसेसरांच्या, एकूण १६ कोर असलेल्या यंत्रावर मी ती आठ महिने वापरली आहेत. काम एकच आहे: उभ्या डब्यात वरून सोडलेले काही लाख कण एकमेकांवर आदळत तळाशी कसे साचतात, याचे सिम्युलेशन. जी गोष्ट पहिल्या आठवड्यात दिसायला हवी होती ती मला तीन महिने दिसली नाही, आणि सिस्टिम मॉनिटरमधल्या १०० टक्क्यांनीच ती झाकून ठेवली होती, म्हणून हे लिहिते आहे.

एक पूर्ण रन ११ तास घेत असे. मॉनिटर उघडला की सोळाही कोर १०० टक्क्यांवर दिसत, आणि यंत्र पुरेपूर वापरले जात आहे असे समजून मी अधिक कोरच्या यंत्रासाठी अर्जाचा मसुदाही तयार केला होता. तो पाठवण्यापूर्वी, केवळ आकडे जोडावेत म्हणून, प्रत्येक थ्रेडने लूपमध्ये घालवलेला वेळ मी वेगळा मोजला. कण तळाशी बसल्यानंतरच्या एका टप्प्यात (सिम्युलेशनमधल्या काळाच्या एका छोट्या पावलात) डब्याचा खालचा भाग सांभाळणारे चार थ्रेड प्रत्येकी ४० मिलिसेकंद काम करत होते आणि वरचे बारा जेमतेम २. म्हणजे १६ कोरचे मिळून ६४० मिलिसेकंद खर्ची पडत होते आणि त्यांतले कामाचे फक्त १८४ होते. बाकीचा सारा वेळ बॅरिअरपाशी, म्हणजे सगळे थ्रेड एकमेकांसाठी थांबतात त्या जागी, वाट पाहण्यात जात होता. काम संपलेला थ्रेड बहुधा लगेच झोपत नाही. पुढचे काम आले का, हे तो काही काळ एका छोट्या लूपमध्ये सतत तपासत राहतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या हिशेबी ते तपासणेही कामच असते. थ्रेडने वाट कशी पाहावी हे ठरवणारी ओएमपी वेट पॉलिसी ‘पॅसिव्ह’ (तपासत न राहता झोपणारी) करून आणि थ्रेड कोरना बांधून तोच रन पुन्हा चालवला, तेव्हा बारा कोर पाच-सात टक्क्यांवर उतरलेले दिसले. रनचा वेळ त्याने कमी झाला नाही, पण खरे चित्र समोर आले. ही एक सेटिंग प्रत्येकाने पहिल्याच दिवशी एकदा तरी बदलून पाहावी, असा माझा आग्रह आहे.

कारण समजल्यावर ते अगदी साधे वाटते. डब्याचे चौकोनी घरांमध्ये भाग पाडलेले आहेत, घरांचे क्रमांक तळापासून वर जातात, आणि स्टॅटिक शेड्यूल प्रत्येक थ्रेडला लागोपाठच्या घरांचा सारखा वाटा देते. सुरुवातीला कण सर्वत्र सारखे पसरलेले असल्यामुळे ही वाटणी चोख असते. माझ्या सगळ्या चाचण्या पहिल्या ५०० टप्प्यांच्याच होत्या, त्यामुळे त्यांत काहीच खुपले नाही. पुढे कण खाली उतरतात आणि काम त्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, जोड्यांच्या प्रमाणात वाढते: घरात ५ कण असतील तर १० जोड्या तपासायच्या, २० असतील तर १९०. अशा वेळी अनेकजण कोर वाढवूनही वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही या अ‍ॅमडाल यांच्या १९६७ मधल्या युक्तिवादाकडे बोट दाखवतात, पण तो समांतर करताच न येणाऱ्या भागाविषयी आहे. इथला भाग पूर्णपणे समांतर होता, वाटणी चुकलेली होती. दुप्पट कोर घेतले असते तर वेळ कदाचित निम्मा झाला असता, पण वाया जाण्याचे प्रमाण तेवढेच राहिले असते.

त्यानंतर डायनॅमिककडे वळले. त्यात मोकळा झालेला थ्रेड पुढची काही घरे उचलतो, आणि एका वेळी उचललेल्या घरांचा गट म्हणजे चंक. चंकचा आकार न दिल्यास तो १ धरला जातो, आणि तसे केल्यावर निराशा झाली. वरची हजारो घरे रिकामी असतात. प्रत्येक रिकाम्या घरासाठी सोळा थ्रेड एकाच सामायिक काउंटरला हात घालतात आणि त्याची कॅश लाइन (कोरजवळच्या वेगवान मेमरीतला छोटा तुकडा) कोरांमध्ये नुसती फिरत राहते. चंक ६४ केल्यावर मात्र ४० मिलिसेकंदांचा टप्पा १६ वर आला. एका शब्दाच्या बदलात एवढा फरक पडल्याचा मला मनापासून आनंद झाला होता, आणि हा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर त्यात निव्वळ कौतुकच असते.

पाचव्या महिन्यात एक कण डब्याच्या भिंतीतून बाहेर गेला. चूक शोधण्यासाठी तोच रन पुन्हा चालवला, तर कण आतच राहिला. तिसऱ्यांदा वेगळाच कण बाहेर गेला. डायनॅमिकमध्ये कोणते घर कोणत्या थ्रेडकडे जाईल हे दर वेळी बदलते, त्यामुळे प्रत्येक थ्रेडने जमवलेल्या बलांच्या बेरजेचा क्रमही बदलतो. डबल प्रिसिजनमध्ये (सुमारे १६ अंकी अचूकतेत) ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१ येते, आणि ०.२ व ०.३ आधी मिळवले तर ०.६ येते. आदळणाऱ्या कणांमध्ये हा शेवटच्या अंकातला फरक वाढत जातो आणि काही हजार टप्प्यांनंतर दोन रनमधले कण निराळ्या जागी सापडतात. सरासरी निष्कर्ष बिघडत नाहीत हे मान्य आहे, पण जी चूक पुन्हा घडवताच येत नाही ती दुरुस्त कशी करायची? त्या एका चुकीमागे माझे तीन आठवडे गेले, आणि डायनॅमिकबद्दलचे माझे मत तिथेच बदलले.

सध्या मी वाटणी स्वतः करते. दर २०० टप्प्यांनी प्रत्येक घरातल्या जोड्या मोजायच्या, त्यांची चढती बेरीज करायची आणि जोड्यांचे सोळा सारखे वाटे पडतील अशा ठिकाणी घरांची रांग कापायची. वजन म्हणून घड्याळाचा वेळ मी मुद्दाम घेतला नाही. तो दर रनला थोडा वेगळा येतो आणि कापण्याची जागा सरकते. जोड्यांची संख्या सरकत नाही. थ्रेडांच्या बेरजा ठरलेल्या क्रमाने एकत्र केल्या की, थ्रेडांची संख्या तीच असेल तोवर, उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच येते. लागोपाठची घरे एकाच थ्रेडकडे राहत असल्याने मेमरीचाही फायदा झाला. लिनक्समध्ये मेमरीचे पान (तिचा ठरावीक आकाराचा तुकडा) सहसा त्यात पहिल्यांदा लिहिणाऱ्या थ्रेडच्या प्रोसेसरजवळ जाते, आणि माझे सगळे अ‍ॅरे आधी एकच थ्रेड शून्याने भरत असे. आता प्रत्येक थ्रेड आपापला वाटा भरतो. टप्पा १३ मिलिसेकंदांवर आला आहे आणि पूर्ण रन चार तासांच्या आसपास संपतो. तो अर्ज मी पाठवला नाही.

या पद्धतीची एक उणीव मात्र सोसावी लागते. सगळे कोर सारख्या वेगाने चालतील असे ती गृहीत धरते. यंत्र सामायिक आहे, आणि एका रात्री दुसऱ्या कोणाच्या प्रोग्रामने दोन कोर अडवले, तेव्हा उरलेले चौदा थ्रेड प्रत्येक टप्प्यावर त्या दोघांची वाट पाहत राहिले आणि रन सात तासांवर गेला. तिथे डायनॅमिकने सहज सांभाळून घेतले असते. म्हणून तो मार्ग मी काढून टाकलेला नाही. रन सुरू करताना एक पर्याय देऊन तो निवडता येतो, आणि यंत्रावर आणखी कोणाचे काम चालू आहे हे दिसले की मी तोच निवडते.