लकव्यानंतर करंट कुठे घ्यायचा: हातावर की डोक्यावर?

दवाखान्यातून घरी आल्यावर खानापूर-निपाणीकडच्या घरांत हा प्रश्न हटकून निघतो. कुणी सांगतं हाताला करंट द्या, कुणी म्हणतं आता थेट मेंदूला देतात. आमच्या मामांच्या वेळी आम्हीही असेच गोंधळलो होतो.

हाताच्या उपचारात कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूच्या स्नायूंवर दोन पॅड चिकटवतात. सेकंदाला साधारण २० ते ५० बारीक झटके जातात आणि लोंबकळलेलं मनगट वर येतं. मामांचे फिजिओ कन्नड बोलणारे. ‘कै एत्रि’ म्हणजे हात उचला, असं म्हणायचे आणि तेव्हाच बटण दाबायचे. मामा डोळे मिटून, दात आवळून जोर लावायचे. मी एकदा त्यांना विरंगुळा म्हणून मोबाइलवर भजन लावून दिलं, तर फिजिओंनी ते लगेच बंद करायला लावलं. मेंदूतून हुकूम सुटतो आणि त्याच क्षणी हात हलल्याची जाणीव मेंदूकडे परत पोचते. खरं काम या जोडीचं. नुसते पॅड लावून पडून राहिलं तर निम्मा उपचार वाया जातो, असं माझं ठाम मत आहे.

पाऊल घासत असेल तरी हीच तऱ्हा. १९६१ मध्ये लिबर्सन नावाच्या डॉक्टरांनी बुटाच्या टाचेत स्विच बसवला होता: टाच उचलली की गुडघ्याखालच्या नसेला करंट आणि चवडा वर.

डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज ठेवून १ ते २ मिलिअँपिअर करंट साधारण २० मिनिटं देतात. हात हलत नाही, टाळूला थोड्या मुंग्या येतात एवढंच. हा करंट मेंदूच्या पेशींना फक्त जरा तयारीत आणतो, पुढचा व्यायाम आपणच करायचा. अभ्यासांचे निकालही एकसारखे नाहीत. म्हणून हाताचे व्यायाम सोडून एवढ्यासाठी रोज बेळगावची बस धरू नका. व्यायामाच्या जोडीला डॉक्टरांनी सुचवला तर जरूर घ्या.

पेसमेकर असेल, फिट येत असतील, कवटीत धातू असेल किंवा कातडी बधिर असेल, तर ते आधीच सांगा. बधिर कातडीवर भाजलेलं कळत नाही.

आम्ही हातापासून सुरुवात केली. पॅडचं छोटं यंत्र शिकून घेतलं, की घरीही चालवता येतं. फिजिओंना पहिल्याच दिवशी विचारा: ‘करंट येईल तेव्हा पेशंटनं नेमका कसला जोर लावायचा?’