विधीसाठी घेतलेले टॉवेल आणि काउंटरवरची माफी

टॉवेलला 5 पैकी 5, दुकानाला पण 5. रिव्ह्यू जरा लांबणार आहे कारण यात माझी एक चूक आहे आणि ती लिहिल्याशिवाय नुसते स्टार देणं मला बरोबर वाटत नाही.

आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे पवित्र गुरुवारी, पाय धुण्याचा विधी असतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले, जे काम तेव्हा घरातला नोकर करायचा, त्याची ही आठवण. बारा जण पुढं बसतात, पाळकसाहेब गुडघ्यावर बसून एकेकाचे पाय धुतात आणि पुसतात. यंदा टॉवेल आणायचं महिला मंडळानं माझ्यावर सोपवलं. सोलापुरात राहून टॉवेल ऑनलाइन कशाला मागवायचे, आपल्या टेरी टॉवेलला चादरीसारखंच जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, म्हणून अशोक चौकाकडच्या या दुकानात आले. मागं यंत्रमागांचा खडखडाट चालू, पुढं काउंटर. पांढरे, बिनकाठाचे, हात पुसायच्या साइजचे एक डझन घेतले. वजनाला चांगले, दोन्ही बाजूंनी दाट फासे, म्हणजे पाणी टिपणारी सुताची बारीक वेटोळी.

बुधवारी रात्री घरी एक वापरून बघितला तर पाणी टिपेचना, नुसतं पसरायला लागलं. माझं डोकंच फिरलं. गुरुवारी सकाळी सगळे उचलून दुकानात गेले आणि पाच-सहा गिऱ्हाईकं उभी असताना मोठ्यानं म्हणलं, पॉलिस्टर मिसळून विकता का ओ, निदान देवाच्या कामाला तरी नीट माल द्यायचा.

दुकानाचे मालक साठीच्या पुढचे असतील. त्यांनी आवाज चढवला नाही. टॉवेलातला एक धागा ओढून काडीपेटीनं पेटवला. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटावर मऊ राख राहिली. पॉलिस्टर असतं तर वितळून कडक गोळी झाली असती, म्हणाले. मग म्हणाले, "ताई, कोरा टॉवेल पाणी पीत नाही, फिनिशिंग असतंय वर. दोन-तीन पाण्यातनं काढावा लागतो. मीच सांगायला पाहिजे होतं, चुकलं माझं." चूक माझी आणि माफी त्यांनी मागितली! वर बाराही टॉवेल ठेवून घेतले, पोराकडून गरम पाण्यात दोनदा धुवून गच्चीवर वाळत घातले. एरवी दुपारी 2 ते 4 दुकान बंद असतं पण त्या दिवशी माझ्यासाठी अर्धं शटर उघडं ठेवून बसले होते. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन, 3 वाजता कडकडीत वाळलेले टॉवेल घडी करून हातात. पैसे घेतले नाहीत. मी "बरं बरं, थँक्यू" म्हणून निघाले.

संध्याकाळी चर्चमध्ये बायबलमधला योहानाचा 13वा अध्याय वाचला. येशूनं यहूदा या शिष्याचे पण पाय धुतले, तो थोड्या वेळानं आपल्याला धरून देणार हे माहीत असताना. दुसरा शिष्य पेत्र आधी नको म्हणतो, त्याला पाय धुवून घेणं जड जातं. पाळकसाहेब पुसत होते ते टॉवेल त्या मालकांनी धुवून दिलेले, आणि मी त्यांना सॉरी सुद्धा म्हणलं नव्हतं. बायबलमधल्याच मत्तयाच्या पुस्तकात सांगितलंय की अर्पण वेदीवर आणलं आणि भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी तर अर्पण आणतानाच भांडून आले होते.

रात्री व्हॉट्सअपवर मेसेज टाइप केला. "सॉरी काका, मी जास्त बोलले, पण तुम्ही आधी सांगायला हवं होतं." त्या 'पण'वर येऊन थांबले. त्यांच्या माफीत 'पण' नव्हता. मेसेज पुसला आणि शनिवारी सकाळी मुद्दाम गर्दीच्या वेळेला गेले, कारण अपमान चारचौघात केला होता, माफी एकांतात मागून कसं चालेल. काउंटरवर हात जोडून म्हणलं, काका, परवा मी चुकीचं बोलले, तुमचा माल चोख आहे. ते म्हणाले, "जाऊ दे ओ ताई, बसा, चहा सांगतो." आणि पुढच्या गिऱ्हाईकाला चादर दाखवायला लागले, जसं काही झालंच नव्हतं. मला मात्र घशात दाटून आलं होतं.

तेव्हापासून घरी प्रयत्न करतीये, मुलाशी, भांड्याच्या मावशींशी, चुकलं की चुकलं म्हणायचं आणि 'पण' गिळायचा. रोज जमत नाही. लीनता हा शब्द प्रार्थनेत मी किती वर्षं म्हणतीये, पण तो असा काउंटरवर समोर आलेला पहिल्यांदाच.

आता टॉवेलचं. सात-आठ धुण्यांनंतर पाणी एकदम छान टिपतात, फासे ओढले गेलेले नाहीत. पहिल्या दोन धुण्यांत सूत सुटतं, म्हणून वेगळे धुवा. कपडे मऊ करायचं लिक्विड अजिबात घालू नका, त्यानं परत पाणी टिपणं कमी होतं. रंगात चॉइस थोडा आहे, आणि गाडी लावायला जागा नाही, चौकातच लावून चालत या. पुढच्या वर्षासाठी दोन डझन सांगून ठेवलेत, तेव्हा धुवायचे मी घरी. दुपारी 2 ते 4 सोडून जा.