गिम्प ३.०: फोटोचा हवा तेवढाच भाग धूसर किंवा शार्प करण्यासाठी

फोटोतील चेहरा शार्प ठेवून मागचा पसारा धूसर करावयाचा असेल, तर त्यासाठी दरमहा पैसे मोजण्याची आवश्यकता नाही. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी बर्कली येथे विद्यार्थिदशेत, १९९५ मध्ये, ज्याचे काम सुरू केले, ते ‘गिम्प’ हे फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर आजही मोफत आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत लेअरवर (फोटोच्या एकावर एक ठेवता येणाऱ्या थरावर) लावलेला ब्लर म्हणजे धूसरपणा नंतर पुन्हा उघडून कमीजास्त करता येतो, आणि हात बसलेला नसणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे.

फोटोचा कोणता भाग बदलायचा, ते ठरवणारी निवडीची साधने भरपूर असली तरी सारखीच उपयोगी नाहीत. सारख्या रंगाचा सलग भाग एका क्लिकमध्ये निवडणारे फझी सिलेक्ट निरभ्र आकाशासाठी उत्तम. मागे दोरीवर कपडे वाळत असतील, तर मात्र ते निरुपयोगी ठरते. पुढची वस्तू पार्श्वभूमीपासून वेगळी करणारे फोरग्राउंड सिलेक्ट केसांच्या बटा बऱ्यापैकी ओळखते, परंतु मोठ्या फोटोवर बरीच वाट पाहायला लावते. माझ्या मते नवशिक्याने लॅसोने, म्हणजे हाताने रेघ ओढून निवडण्याच्या साधनाने, ढोबळ कड आखावी आणि लगेच शिफ्ट व क्यू ही बटणे एकत्र दाबून क्विक मास्क, म्हणजे निवड ब्रशने रंगवून सुधारण्याची सोय, सुरू करावा. त्यात न निवडलेला भाग तांबूस दिसतो. पांढऱ्या ब्रशने निवड वाढते, काळ्याने घटते आणि करड्याने अर्धवट होते. ही अर्धवट निवडच केस, लोकर अशा मऊ कडांना वाचवते. गिम्पमधले हे सर्वांत चांगले साधन मेनूत इतके आडबाजूला का ठेवले आहे, हे मला समजलेले नाही.

निवड उलटी करून पार्श्वभूमीवर थेट गॉसियन ब्लर (धूसर करण्याचा नेहमीचा फिल्टर) लावला, की माणसाभोवती त्याच्याच कपड्यांच्या रंगाचे वलय उमटते, कारण ब्लर शेजारच्या पिक्सेलचे रंगही मिसळून घेतो. यावर उपाय असा, की लेअरची प्रत करून वरच्या प्रतीत मास्कच्या (लेअरचा नको तो भाग लपवणाऱ्या आवरणाच्या) साहाय्याने फक्त माणूस ठेवावा, खालच्या प्रतीत क्लोन टूलने (एका जागेचा भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाने) माणसाच्या जागी आसपासची भिंत किंवा झाडी भरावी आणि मगच ती प्रत धूसर करावी. माणूस उभा असेल, तर पायांजवळची जमीनही शार्प राहिली पाहिजे. त्यासाठी मास्कवर काळ्या-पांढऱ्याचा ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलत जाणारी छटा, ओढावा, अन्यथा माणूस पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

शार्प करण्याच्या बाबतीत गिम्पचा ब्रश मला मुळीच आवडला नाही, कारण एकाच जागी दोनदा फिरवला की त्वचेवर दाणे उमटू लागतात. त्याऐवजी डोळे आणि भुवया यांचीच निवड करून, कडा फेदरने मऊ करून, अनशार्प मास्क हा कडा ठळक करणारा फिल्टर वापरावा. डार्करूममध्ये निगेटिव्हवर तिचीच धूसर पॉझिटिव्ह प्रत ठेवून प्रिंट काढण्याची जी पद्धत होती, तिच्यावरून हे नाव आले आहे. यात रेडियस, म्हणजे परिणाम कडेपासून किती रुंद पसरेल ते माप, आधीपासून ३ असते, ते वेबसाठी लहान केलेल्या फोटोला जास्त होते. १ च्या आसपास ठेवून पाहावे. थ्रेशोल्ड, म्हणजे किती फरकापासून शार्प करायचे ती मर्यादा, शून्यच राहिल्यास कमी प्रकाशातल्या फोटोतील नॉइजही (नको असलेले दाणेही) उठून दिसतो, म्हणून तो थोडा वाढवावा. फोटोचा आकार बदलायचा असल्यास हे काम त्यानंतरच करावे आणि परिणाम शंभर टक्के झूमवर तपासावा.

सेव्ह केल्यावर फाइल एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या स्वरूपात राहते आणि जेपेग हवी असल्यास एक्सपोर्ट करावे लागते. सुरुवातीला हे जाचक वाटले, तरी लेअर, मास्क आणि पुन्हा बदलता येणारा ब्लर एक्ससीएफमध्येच टिकतात.